टोबॅगोची निवांत सुट्टी: तिकिटाआधी काय पाहावं?

कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडे जमैका नाहीतर बार्बाडोस आठवतं, क्रिकेटमुळे. पण मुलंबाळं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर आम्ही टोबॅगो सुचवू. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा एकच देश. त्रिनिदाद मोठं आणि गजबजलेलं. टोबॅगो जेमतेम ४० किलोमीटर लांब, हिरवंगार आणि संथ.

या देशाशी आपलं जुनं नातं आहे. ३० मे १८४५ रोजी 'फतेह अल रज्जाक' हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून जास्त हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. त्यांत हिंदू होते तसे मुस्लिमही होते. आज तिथं शंभरात सुमारे पाच लोक मुस्लिम आहेत आणि ईद-उल-फित्रला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आता मुद्द्याचं. या प्रवासात सगळ्यात जास्त घोळ होतो तो येलो फीव्हरच्या लसीचा, आणि तो लक्षात येतो परत येताना! भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद या तापाच्या धोक्याचा प्रदेश आहे. टोबॅगो त्या यादीत नाही, पण तिथं जाणारी बहुतेक विमानं त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनवरूनच जातात. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत तुम्ही मुंबईत उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसलं, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुलांची शाळा, घरच्यांची नोकरी, सगळंच अडकतं. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ९ महिन्यांच्या आतलं बाळ, साठीपुढची माणसं, गरोदर बाई किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच तिकिटाचं बोला.

दुसरी अडचण वाटेतल्या व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही (नियम बदलतात, नवी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायोगाकडून खात्री करून घ्या). पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच. लंडनमार्गे जाताना मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं, आणि कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. म्हणजे विमानतळाबाहेर पडणं आलं, ब्रिटनचा व्हिसाही आला. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका. टोरंटो किंवा न्यूयॉर्कला नातेवाईक असतील आणि तिथला व्हिसा हातात असेल, तर त्यांच्याकडे चार दिवस थांबून पुढं जाणं सोयीचं. दोन्हीकडून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान आहे.

जायचं कधी? जानेवारी ते मे कोरडा काळ. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. ही बेटं त्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला असल्यानं तडाखे कमी बसतात, तरी १९६३ साली फ्लोरा वादळानं टोबॅगोची शेती पार झोपवली होती. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल असतो. तेव्हा खोल्या महाग होतात आणि गोंगाटही भरपूर. निवांतपणा हवा तर तो आठवडा टाळा.

पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं. फेरी स्वस्त, पण काही तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला तर पोटातलं ढवळतं. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी वाढल्यानं डिसेंबर २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. म्हणून तिथं कमी थांबा, रात्री उगाच फिरू नका.

टोबॅगोत क्राउन पॉइंटजवळ एकच मुक्काम ठेवा, रोज बॅगा बांधत बसू नका. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम. पिजन पॉइंटचा किनारा लहान मुलांसाठी छान. काचेच्या तळाच्या होडीतून बकू रीफचं प्रवाळ दिसतं, आणि पुढं नायलॉन पूल म्हणजे भर समुद्रात कंबरभर पाणी. प्रवाळावर मात्र पाय देऊ नका. एक दिवस मेन रिजच्या जंगलाला द्या. १७७६ पासून ते राखीव आहे.

त्रिनिदादमध्ये हलाल कोंबडी सहज मिळते, टोबॅगोत विचारून घ्या. 'कॅलालू' या पालेभाजीत कधी कधी डुकराचं मांस घालतात आणि केकमध्ये रम, तेव्हा संकोच न करता विचारा. डबल्स, म्हणजे मऊ बाऱ्यावर छोल्यांची भाजी, बिनधास्त खा.

नमाजेला आपण इथं पश्चिमेकडे तोंड करतो, तिथं किबला पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकून येतो. कसर किती दिवस करायची हे शाफई आणि हनफी घरांत वेगळं असतं, तेव्हा निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारा. आणि हो, तिथली वीज ११५ व्होल्टची आहे. मोबाइलचा चार्जर चालेल, दादीची पाणी तापवायची किटली चालणार नाही.