बैलगाडीच्या धावेपासून ट्रॅक्टरच्या डिस्कपर्यंत



परवा मागचा उजवा टायर उतरवला. डिस्क बघितली तर अर्धी माती, अर्धी गंज. व्हॉलच्या भोकाभोवती पत्रा पापडासारखा सुटला होता. गेल्या साली ऐन चिखलणीत तीनदा ट्यूब गेली, मी पंक्चरवाल्याला बोल लावला. आवणी आठ दिवस रखडली, रोप जून झालं, दीड एकराचं भात कमी भरलं. दोष त्याचा नव्हता, माझ्या डिस्कचा होता.

आमच्या आजोबांच्या गाडीला हा त्रास नव्हता. लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, लोखंड फुगलं की चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची, घण मारायचा नि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना लोखंड आवळतं नि सगळे आरे घट्ट धरतं. पण त्याआधी सुतार चाकाचा घेर तासून साफ करायचा. बैठक खराब असली तर धाव उन्हाळ्यात ढिली पडणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे "चढवण्याआधी बूड तयार करा" हा नियम ट्रॅक्टरच्याही आधीचा.

सुरुवातीचे ट्रॅक्टरही लोखंडी चाकांवरच चालायचे, चाकाला काटे असायचे. रस्ते उखडायचे, माणसाचे मणके खिळखिळे व्हायचे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संत्रावाल्यांनी झाडांच्या मुळ्या तुटतात म्हणून लोखंडी चाकांवर ट्रकचे जुने टायर चढवून पाहिले. पुढे 1932 साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला काढला. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून 1933 मध्ये बार्नी ओल्डफील्ड या शर्यतवाल्याने तो ताशी 64 मैलांनी पळवून दाखवला! (आपण असलं काही करू नये.) महायुद्धात रबर तुटलं तेव्हा काही ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर आले होते.

आपल्याकडे महिंद्रांनी 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर करार केला, पुढे बी-275 आला. कारखाना कांदिवलीला, टायर करणारी सिएट भांडुपला. दोन्ही आमच्या मुरबाडपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. तरी आमच्या खाचरांत ट्रॅक्टर फार उशिरा आला, कारण बांध जवळजवळ नि तुकडे लहान. गंमत बघा, चिखलणीला आम्ही आजही केज व्हील लावतो, म्हणजे पुन्हा लोखंडी चाकच!

रबराबरोबर नवं दुखणं आलं, ते म्हणजे आतून खाणारा गंज. धाव उघडी असायची, गंजली तर डोळ्यांना दिसायची. डिस्कचं तसं नाही. चिखल नि पाणी टायरच्या कडेतून आत जातं आणि शंभर इंच पावसात तिथेच मुरतं. त्यात वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरलं असेल तर व्हॉलपाशी झिरपतंच. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालायची रीत पडली, त्या मिठाने तिकडच्या डिस्का चाळणी झाल्या. आपल्याकडे बर्फ नाही, हे नशीब.

मी यंदा काय केलं ते सांगतो. डिस्क धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली. तारेच्या ब्रशने खरवडली, जिथे टायरची कड बसते तिथे पॉलिश पेपर मारला. व्हॉलच्या भोकाची धार कानशीने गोल केली, ट्यूब तिथेच कापली जात होती. मग रेड ऑक्साईड, वर रंगाचे दोन पातळ हात. रंग पुरता वाळल्याशिवाय टायर चढवायचा नाही, नाहीतर रबर चिकटतं. ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर, टायरच्या कडेला साबणाचं पाणी. ग्रीस किंवा ऑईल लावू नका, रबर फुगतं. कड बसवताना हवा 35 पौंडांच्या वर नेऊ नका, नाही बसली तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. आणि टायर चढलेला असताना डिस्कला वेल्डिंग कधीच नको. हवा काढलेली असली तरी टायर फुटून माणूस जातो.

माझ्या डिस्कला भोकापाशी ठिगळ लावलंय, तेही टायर उतरवूनच. किती साल टिकेल ते यंदाच्या चिखलणीत कळेल. डावी डिस्क उद्या खोलतोय, फोटो टाकतो.