एका फाईलचे दहा लाख पाठ

जर्सी सिटीहून पश्चिमेला गाडी काढली की तासाभरात मरे हिल येतं. तिथल्या बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास डेनिस रिची सी भाषा घडवत होते. सीच्या पहिल्या प्रीप्रोसेसरला दोनच कामं यायची: दुसरी फाईल आत ओढणं आणि एका शब्दाजागी दुसरा घालणं. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात अटी आणल्या. अमुक नाव ठरवलेलं असेल तर या ओळी ठेव, नसेल तर त्या. हाच तो 'इफडेफ'. एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या यंत्रांवर चालवायचा तर ही सोय हवीच होती.

गोची अशी, की प्रीप्रोसेसरला सीचं व्याकरण कळत नाही. तो नुसत्या ओळी ठेवतो किंवा गाळतो. त्यामुळे उघडणारा कंस अटीच्या आत आणि बंद करणारा बाहेर, असंही खपून जातं. आणि वीस स्वतंत्र अटी असल्या तर एकाच फाईलचे १०,४८,५७६ पाठ होतात!

आता समजा, एका फंक्शनचं नाव टूलकडून सगळीकडे बदलून घ्यायचंय. आधी प्रीप्रोसेसर चालवला तर एकच पाठ हाती उरतो. नाही चालवला तर फाईल व्याकरणात बसत नाही. आपल्या यंत्रापुरतं बदललं तर आपल्याकडे सगळं सुरळीत चालतं आणि मोडतं ते दुसऱ्याच कुणाकडे.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२मध्ये इफडेफच्या अतिवापराविरुद्ध निबंधच लिहिला. पण तोवर लिहिलेल्या कोडचं काय? २००३मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अलेहांद्रा गारिदो आणि राल्फ जॉन्सन यांनी वाट काढली: अटीतले तुटक तुकडे आधी पूर्ण वाक्यांपर्यंत वाढवायचे, मग सगळ्या फांद्या जपत बदल करायचा. २०१२मध्ये पॉल गझिलो आणि रॉबर्ट ग्रिम यांनी 'सुपरसी' मांडलं. अट आली की त्याचा पार्सर फुटून प्रत्येक फांदी वाचतो आणि पुढे पुन्हा एक होतो. हे काम झालं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, म्हणजे आमच्या पाथ ट्रेनने नदी ओलांडली की लगेच.

मला यात पुण्याची भांडारकर संस्था आठवते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. संपादकांनी एक पाठ वर छापला, पण पाठभेद तळटीपांत जपले. कोडमध्ये तर तेवढीही निवड करता येत नाही. तळटीपेतला प्रत्येक पाठ कुणाच्या ना कुणाच्या यंत्रावर आज चालू असतो.