कांद्याच्या रोपाला छत कुणी दिलं?

मुंबईच्या उपनगरात बसून कांद्याच्या रोपाविषयी लिहायचं तर आधी पावसाशी हिशेब करावा लागतो. सांताक्रूझला वर्षाकाठी सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कांद्याचं रोप या पाण्यापुढे अगदीच दुबळं. उगवतं तेव्हा सुईएवढी हिरवी काडी, मुळं उथळ. वाफ्यात पाणी साचलं की बुंधा कुजतो आणि रोप आडवं होतं. शेतकरी त्याला 'मर लागली' म्हणतात. थंड देशांत प्लास्टिकच्या बोगद्यात कांद्याचं बी पेरतात ते उबेसाठी. ऊब आपल्याकडे फुकट आहे; इथे आडोसा लागतो तो पावसाचा.

मी मुलुंडची, पण आजीचं माहेर अलिबागजवळच्या खेड्यातलं. समुद्रकाठच्या या माणसांनी आडोशाचा प्रश्न सोडवलाच नव्हता, टाळला होता. पावसात कांदा लावायचाच नाही. भात कापून झालं की त्याच खाचरात वाफे करायचे, बी टाकायचं, डिसेंबरच्या सुमारास रोपं उपटून लावायची आणि फेब्रुवारी-मार्चपासून कांदा काढायला घ्यायचा. "दसरा झाल्याबिगर बियाच्या डब्याला हात लावायचा नाही," हा आजीच्या घरचा नियम. कांदा काढला की पात कापत नसत. ती विणून माळ करायची आणि घरात टांगायची. बाजारात न्यायची तीही माळच. अलिबागच्या या पांढऱ्या कांद्याचा उल्लेख 1883च्या कुलाबा (म्हणजे आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे, आणि 2022मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. उन्हाळ्यात मुलुंड स्टेशनबाहेर माळा घेऊन बसणाऱ्या बायका दिसल्या की मी अजूनही थांबते.

पावसाळ्यात रोप करायचं ते भाताचं. त्यासाठी ठाणे-कुलाबा भागात राब भाजत. शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाआधी सगळं पेटवून द्यायचं. त्या धगीत तणाचं बी मरतं, मातीतली कीड-बुरशी मरते, राख खत होते. राबासाठी टहाळ तोडायला जंगल हवं, आणि इंग्रजांच्या वनखात्याला ते मान्य नव्हतं. ठाण्यातल्या लोकांनी या निर्बंधांविरुद्ध एवढी ओरड केली की सरकारला 1885मध्ये मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. पुढे हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी राबाची शास्त्रीय तपासणी केली आणि 1912मध्ये ती प्रसिद्ध केली. साहेबांना जी निव्वळ जंगलाची नासाडी वाटत होती, ती भाजलेल्या मातीची गोष्ट प्रयोगशाळेत तपासण्याजोगी निघाली.

मग पावसाळ्यात कांद्याचं रोप करण्याची वेळ का आली? माझं उत्तर सरळ आहे: आमच्यामुळे. 1957मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली. चाळी वाढल्या, मग इमारती वाढल्या, आणि भेळ, मिसळ, भजीपासून रोजच्या फोडणीपर्यंत कांदा बारा महिने लागू लागला. माळेतला कांदा एवढ्या तोंडांना पुरणारा नव्हता. नाशिकचा उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि साठवणीच्या कांदाचाळीत साधारण ऑक्टोबरपर्यंत टिकतो. पुढचे दोन-तीन महिने भरून काढतो तो खरिपाचा लाल कांदा. त्याचं उळं, म्हणजे रोपासाठीचं बी, मे-जूनमध्ये टाकावं लागतं, म्हणजे नेमकं ढग भरून येण्याच्या वेळी. निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेलं एन-53 हे वाण यासाठीच नावाजलं. 1987च्या सुमारास ॲग्रीफाउंड डार्क रेड आलं. नाशिकच्या कांदापट्ट्यात पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी, पण कोवळ्या रोपाला एक ढगफुटीसुद्धा भारी पडते.

म्हणून आजची रोपवाटिका वेगळी दिसते. सपाट वाफ्याऐवजी मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी निथळतं. हेक्टरभर लागवडीला पाच गुंठे रोपवाटिका आणि आठ-दहा किलो बी लागतं. रोप खरिपात पस्तीस-चाळीस दिवसांत तयार होतं, रब्बीत पन्नास-पंचावन्न. वर शेडनेट, किंवा वाकवलेल्या कामट्यांवर प्लास्टिकचा कागद. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात भिजवलेल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक महिनाभर घट्ट पसरून ठेवण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. खालची माती तापते, तणाचं बी आणि मरीची बुरशी मरते. हा राबच आहे, फक्त विस्तवाशिवाय. टहाळाच्या जागी कागद आला आणि जाळाच्या जागी ऊन.

आणि हा कागद मुंबईला परका नाही. पॉलिथिन ज्या इथिलीनपासून बनतं ते नॅफ्थ्यापासून काढणारा देशातला पहिला कारखाना 1966मध्ये आमच्याच पूर्व उपनगरात, ट्रॉम्ब्याला उभा राहिला. शेतीत प्लास्टिक वापरण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय समिती आली ती 1981मध्ये.

दिवाळीच्या आसपास कांदा महागला की आमच्या सोसायटीत लोक शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडतात. त्या भावात वाहून गेलेली रोपं, दुबार टाकलेलं उळं, शेडनेट आणि कागद यांचाही खर्च असतो. अवेळी कांदा मागणारे आपण आहोत, तेव्हा त्यातला आपला वाटा आपण द्यायला हवा. अंधेरी-बोरिवलीच्या गच्चीवर कुणाला स्वतःचं रोप करून बघायचं असेल तर छतावर पैसे घालू नका. दसरा होऊ द्या, पाऊस संपू द्या, मग कुंडीत बी टाका.