वर्धेची कुष्ठगणना

मध्यप्रांताच्या सरकारी दफ्तरात वर्धा हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १८६२ साली, नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील मुलूख वेगळा काढून, दाखल झाला. आणि पुढे दर दहा वर्षांनी खानेसुमारीचा कारकून ज्या तक्त्याचे कागद घेऊन खेडोपाडी फिरू लागला, त्या तक्त्यात जात, धर्म आणि धंदा यांच्या जोडीला वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी यांच्यासाठीही १८८१ पासून १९३१ पर्यंत जागा राखलेली असे. परंतु कारकून उंबरठ्याबाहेर उभा राहून कुटुंबप्रमुखाला विचारी, आणि ज्या व्याधीच्या नुसत्या उच्चाराने मुलीचे लग्न मोडे, भावकीत पंगत तुटे आणि विहिरीवरचा हक्क जाई, त्या व्याधीबद्दल कोणता बाप परक्या माणसापुढे खरे बोलणार? बोटे झडलेला, गावाबाहेर झोपडीत राहणारा मनुष्य तेवढा कागदावर चढला; ज्याच्या पाठीवर नुकताच एक फिकट, बधिर चट्टा उमटला होता, तो निरोगी म्हणून मोजला गेला.

सरकारचा कायदाही याच दृष्टीचा होता. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने निर्धन आणि जखमा वाहणाऱ्या भिकाऱ्याला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात कोंडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. व्याधी कोठून येते, कोणाला जडते आणि ती रोखता येईल काय, या प्रश्नांशी त्या कायद्याला कर्तव्य नव्हते. याच्या कितीतरी आधी, १८५६ साली, नॉर्वे देशाने आपल्या प्रत्येक कुष्ठरुग्णाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली होती. आणि रोग वंशपरंपरेने येतो हे मत विद्वानांत रूढ असताना बर्गनच्या डॉ. हॅन्सनने १८७३ साली रुग्णाच्या गाठींतील जंतू दाखवून तो संसर्गाने येतो हे प्रतिपादन केले. शहाणपणाने ठेवलेली नोंद औषधाइतकीच उपकारक असते, हा त्या लहानशा देशाचा धडा आपल्याकडे पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली.

तो पोहोचण्याची भूमी वर्धेत तयार झाली, ती मात्र वैद्यकाने नव्हे, सेवाधर्माने. नालवाडीस राहून आसपासच्या खेड्यांत काम करणाऱ्या विनोबांच्या सहकाऱ्यांना घरोघर हा रोग दिसू लागला, आणि त्यांपैकी मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठधाम उभे केले. तोवर हे कार्य बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांचेच मानले जात असल्याने विनोबांच्या एका सहकाऱ्याने ते अंगावर घेणे ही समाजाच्या मनाला धक्का देणारी गोष्ट होती. पुढे १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री रोगजर्जर अवस्थेत सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वहस्ते त्यांच्या अंगाला तेल चोळले. विधायक कार्यक्रमाच्या कलमांत त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचा स्पष्ट अंतर्भाव केला. परंतु एका रुग्णाची शुश्रूषा कितीही उदात्त असली तरी संपूर्ण मुलखातील रोग तिने आटोक्यात येत नाही, कारण जो रुग्ण सेवकाच्या दाराशी येतो तो बहुधा फार उशिरा येतो.

हे ओळखून पुढचे पाऊल टाकले ते १९५१ साली गांधीजींच्या स्मरणार्थ वर्धेत स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने आणि तिच्या कार्याचे सूत्रधार डॉ. वर्देकर यांनी. कडू कवठीच्या तेलाची वेदनादायक टोचणी मागे पडून डॅप्सोनची स्वस्त गोळी नुकतीच हाती आली होती. रुग्णाला घरीच ठेवून उपचार करणे प्रथमच शक्य झाले होते. तेव्हा सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रयी त्यांनी एकत्र गुंफली. प्रशिक्षित कार्यकर्ता गावात जाई, पाटलाला भेटे, रोगाविषयी लोकांना समजावून सांगे, आणि मग घरामागून घर घेऊन आबालवृद्धांची त्वचा उजेडात तपासी. चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही हे पाही, कोपराजवळची नस जाड झाली आहे का हे बोटांनी चाचपी, शाळेतील मुलांची निराळी तपासणी करी. ज्याचे नाव वहीत चढे त्याच्या हाती गोळ्या पडत, आणि गोळ्या चालू आहेत की सुटल्या हे पाहण्यासाठी तोच कार्यकर्ता पुन्हा त्याच दारी येई.

या पद्धतीचे शास्त्रीय महत्त्व असे की कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेतील काचनलिकेत आजवर वाढवता आलेला नाही, आणि संसर्गानंतर लक्षणे दिसायला बहुधा काही वर्षे, कधी वीस वर्षेही, जातात. म्हणून त्याच्या प्रसाराचे नियम वर्षानुवर्षे एकाच लोकसमूहावर लक्ष ठेवूनच उमगतात. बहुसंख्य मनुष्यांना या रोगाविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, जंतुभार अधिक असलेल्या व उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या घरात राहणाऱ्यांना धोका इतरांहून अधिक असतो, आणि मुलांत आढळणारे नवे रुग्ण संसर्ग चालू असल्याची साक्ष देतात, ही आज सर्वमान्य झालेली तथ्ये अशाच चिकाटीच्या निरीक्षणांतून जगाच्या हाती आली.

१९५५ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याने वर्धेचीच ही त्रिसूत्री स्वीकारली. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, म्हणून रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन यांची जोड देणारा बहुविध औषधोपचार १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता. १९८३ साली नियंत्रणाच्या जागी निर्मूलन हे राष्ट्रीय ध्येय ठरले. २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, ही सार्वजनिक आरोग्याची मर्यादा देशाने गाठली.

ही मर्यादा गाठणे म्हणजे रोग संपणे नव्हे, हे विसरता कामा नये. आज रक्तदाब, मधुमेह आणि कुपोषण यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या संस्था याच जिल्ह्यातील कुटुंबांना प्रश्न विचारतात, तेव्हा दत्तपूर आणि सर्वेक्षणाच्या त्या जुन्या वह्या यांचा वारसा त्यांच्या मागे उभा असतो. खानेसुमारीला राज्यकारभारासाठी आकडा हवा होता, कायद्याला रस्ता मोकळा हवा होता. वर्धेच्या कार्यकर्त्यांनी मात्र ज्याला मोजले त्याच्याशी उपचार पुरा होईपर्यंतचे नाते पत्करले. लोकसमूहाच्या आरोग्याचे संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला हीच कसोटी लावावी: ज्या घरातून माहिती घेतली, त्या घरी तिचा लाभ पोहोचला काय?