वसईचे फोटो काढताना आठवलेल्या आपल्या गढ्या

पोस्ट थोडी मोठी आहे, पण गावाकडच्या माणसानं वाचावी अशी आहे.

मध्य अमेरिकेत ग्वातेमाला नावाचा देश आहे. तिथलं आंतिग्वा हे स्पॅनिश लोकांनी १५४३ मध्ये वसवलेलं शहर. आजूबाजूला आग्वा, फुएगो आणि आकातेनांगो असे तीन ज्वालामुखी. फुएगो अजूनही धुमसतो. १७७३ च्या भूकंपात शहर कोसळलं, राजधानी दुसरीकडं हलवली गेली आणि पडकी चर्च, मठ मागं उरले. १८७५ मध्ये एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं त्या पडझडीचे फोटो काढले. पुढं धावत्या घोड्याचे जगप्रसिद्ध फोटो काढणारा तो हाच.

आता डोणगावच्या पत्रकाराला ग्वातेमालाशी काय देणंघेणं? तर आपल्याकडंही जवळपास तसंच एक शहर आहे. वसई.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तिथं नुसता किल्ला नाही, तटबंदीच्या आत अख्खं शहर उभं केलं. चर्च, मठ, वाडे, न्यायालय, सगळं. दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी मोठी लढाई देऊन ते जिंकलं. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजेनं आणल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा त्यातलीच. शहर मात्र हळूहळू ओस पडलं.

मागं कामानिमित्त मुंबईकडं गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून वसईला गेलो आणि कॅमेरा घेऊन किल्ल्यात फिरलो. छप्पर नसलेली चर्च, कमानीतून उगवलेली झाडं, भिंतीत घुसलेल्या मुळ्या. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. हे डोंगर ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचे. फरक एवढाच की आपल्याकडं आंतिग्वासारखे टोकदार ज्वालामुखी दिसत नाहीत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. तोच आपला काळा दगड, बेसाल्ट.

हाच दगड आपल्या बुलढाण्यातही आहे. त्याची झीज होऊन आपली काळी जमीन झाली, ज्यात आपण सोयाबीन अन् कापूस घेतो. लोणारचं विवर याच दगडात आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली आणि पुढं कित्येक वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचंच तोंड समजत होते. ते उल्केच्या धडकेनं झालं, हे विसाव्या शतकात पक्कं झालं. म्हणजे वसईच्या चर्चची भिंत आणि लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची भिंत, दोन्ही एकाच लाव्ह्याची लेकरं.

आता मुद्द्याचं. मायब्रिज आंतिग्वात फिरला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, डॉ. गर्सन दा कुन्हा यांचं चौल आणि वसईच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत निघालं. हा मूळचा गोव्याचा माणूस, मुंबईत डॉक्टरकी करणारा. नाणी अन् जुने अवशेष यांचा नाद. त्यांनी पुस्तकात फोटोही घातले. आज वसईत उभं राहून कोणाला विचारावंसं वाटलं की दीडशे वर्षांत इथलं काय पडलं अन् काय टिकलं, तर ते फोटो समोर ठेवून बोलता येतं. ज्याचा फोटो आहे, ते पडलं तरी होतं असं दाखवता येतं. ज्याचा नाही, ते पडलं की वाद सुरू. कोणी म्हणतं होतं, कोणी म्हणतं नव्हतंच.

आणि आपल्याकडं बघा. सिंदखेडराजाला, लोणारला लोक जातात, फोटो निघतात. मेहकरच्या कंचनीच्या महालापर्यंत त्यातले किती जातात? आणि गावोगावच्या गढ्यांचं काय? गढीची पांढरी माती चांगली म्हणून लोकांनी ट्रॉल्या भरभरून नेली. बारवा कचऱ्यानं बुजल्या. वीरगळ कुठं पायरीला लागला, कुठं रस्त्याच्या भरावात गेला. याची नोंद ना ग्रामपंचायतीत, ना कुठल्या पुस्तकात. पंचवीस वर्षं बातम्या देतोय, पण गढी पडली ही बातमी क्वचितच छापून येते. भिंत अंगावर पडून कोणी दगावलं तरच येते.

सगळ्या गढ्या सरकार वाचवेल, असं मला वाटत नाही. पण फोटो काढायला सरकारची वाट बघायची गरज नाही. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त सेल्फीच्या पुढं जाऊ. एक फोटो लांबून, चारही बाजू येतील असा. एक जवळून, दगडाचं कोरीव काम, चुना, शिलालेख दिसेल असा. शेजारी एखादी काठी नाहीतर माणूस उभा करा, म्हणजे उंची कळेल. तारीख, गाव, दिशा लिहून ठेवा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, या बुरुजाला, या विहिरीला काय नाव होतं? ते नावही लिहा. कारण दगडाच्या आधी नाव जातं.

येत्या पावसाळ्याआधी एवढं कराच. एक पाऊस झाला की अर्धी भिंत जाते. फोटो काढलेत की इथंच कॉमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका. मेहकर अन् लोणार तालुक्यापासून सुरुवात करू.