वस्तरा कोणाच्या हाती?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कुठल्याही किराणा-जनरल दुकानात डोकावले, तर दाढीच्या सामानात दोन जिनसा हमखास दिसतात. एक, माळेसारखा पट्टीला लटकवलेला, चार-दोन वेळा वापरून फेकून द्यायचा 'यूज अँड थ्रो' रेझर. दुसरा, दांडा कायम ठेवून फक्त पात्यांची डबी बदलायचा, कार्ट्रिजचा रेझर. टक्कल पडू लागले म्हणून, उन्हाळा सोसत नाही म्हणून किंवा केवळ आवड म्हणून ज्याला स्वतःचे डोके तुळतुळीत करायचे आहे, त्याने यांपैकी कोणता घ्यावा?

प्रश्न इतका किरकोळ आहे की त्याला इतिहास असेल असे वाटत नाही. पण तो पडण्याआधी काही गोष्टी घडून गेलेल्या असाव्या लागतात. डोके कधी भादरायचे हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे, आणि त्यासाठीचे हत्यार त्याच्या स्वतःच्या हातात असले पाहिजे. आपल्या समाजात या दोन्ही गोष्टी फार उशिरा आणि सर्वांना एकाच वेळी न मिळालेल्या आहेत. रेझरच्या निवडीपेक्षा हा मागचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि निवडीचे उत्तरही त्यातूनच सापडते, असे मला दाखवायचे आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. मुंडण, वपन, क्षौर, श्मश्रू, हजामत, चकोट, गोटा, भादरणे: या एका क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुलाचे जावळ काढतात, बटूचे मुंडण करतात, सुतकात क्षौर करतात, विधवेचे केशवपन करीत. भादरणे हे क्रियापद मेंढ्यांनाही चालते आणि माणसांनाही. 'हजामत झाली' म्हणजे फजिती झाली, 'बिनपाण्याने केली' म्हणजे त्याहून वाईट. 'बोडकी' हा शब्द तर शिवीच होऊन बसला. यांतल्या बहुतेक प्रयोगांत करणारा एक आणि ज्याचे डोके आहे तो दुसरा. स्वतःच स्वतःचे डोके करणाऱ्यासाठी आपल्या भाषेने वेगळा शब्द घडवलेला नाही, कारण तशी वेळच सहसा येत नसे.

करणारा म्हणजे न्हावी. मराठवाड्यात त्याला वारीक असेही म्हणतात. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नहरणी, आरसा आणि पाण्याची वाटी घेऊन तो घरोघर जाई आणि सुगीला खळ्यावर बलुते घेई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची ही सारी व्यवस्था बारकाईने मांडलेली आहे. वस्तरा ही त्या व्यवस्थेतली टिकाऊ वस्तू होती. तो सहाणेवर लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा आणि पुन्हा वापरायचा. एकच पाते वर्षानुवर्षे अनेकांच्या डोक्यांवरून फिरे. पण कोणाच्या डोक्यावरून फिरायचे आणि कोणाच्या नाही, हे ना त्या पात्याचा मालक ठरवी, ना डोक्याचा. ते गाव ठरवी.

नांदेड-लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बीदरशी या संदर्भात दोन न्हाव्यांची नावे जोडलेली आहेत. पहिले संत सेना न्हावी. आपल्याकडची परंपरा त्यांना बीदरच्या बादशहाच्या सेवेत दाखवते. सेना पूजेत मग्न असताना दरबाराचे बोलावणे आले आणि त्यांच्या रूपात खुद्द विठ्ठलच धोकटी घेऊन बादशहाची हजामत करायला गेला, ही कथा प्रसिद्ध आहे. तिच्यातला भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ठसठशीत दिसते: बोलावणे आले की गेलेच पाहिजे. 'आज येत नाही' असे म्हणण्याची सोय न्हाव्याला नाही. त्याच्या वतीने देवालाच जावे लागते. सेनांच्या नावावरील एका अभंगात धंद्यातली हत्यारे विवेक-वैराग्याची रूपके होतात. ज्या कामाला गावाने खालचे ठरवले, त्याच कामाची भाषा परमार्थाची भाषा होते.

दुसरे नाव साहिब सिंग यांचे. १६९९ साली आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हा शिर देण्यास पुढे आलेल्या पंचप्याऱ्यांपैकी एक बीदरचे न्हावी होते, असे शीख परंपरा सांगते. ज्याच्या घराण्याचा धंदाच केस काढण्याचा, तो केसांना वस्तरा न लावण्याचे व्रत घेतो. त्याचे डोके आता कुणाच्या बोलावण्याचे उरत नाही. पुढे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे देहावसान नांदेडला झाले आणि गुरुपद ग्रंथाकडे गेले, तेही याच गावी. त्या गुरुग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि भगत सैण या न्हाव्याचेही एक पद आहे. हे सैण आणि आपले सेना एकच की वेगळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही ज्या हजूर साहिबमध्ये केसांना वस्तरा लागणे निषिद्ध, तिथे एका न्हाव्याची वाणी गुरू म्हणून वंदिली जाते, ही गोष्ट आपल्या भागाच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

त्याच नांदेडात गोदावरीच्या गोवर्धन घाटावर दहाव्याचे विधी होतात आणि क्षौर केलेली डोकी दिसतात. एकाच नदीकाठी न कापलेले केस आणि पूर्ण उतरवलेले केस, दोन्ही श्रद्धेची चिन्हे आहेत. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. संन्यासदीक्षेतही मुंडण असतेच, पण ते मनुष्य स्वतः होऊन पत्करतो. म्हणजे मुंडण ही मुळात जुलमाची गोष्ट नव्हे. ते पत्करलेले की लादलेले, एवढाच भेद आहे. आणि तो भेद फार मोठा आहे.

लादलेल्या मुंडणाचे सर्वांत भीषण रूप म्हणजे विधवांचे केशवपन. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीतील यमूवर तिच्या इच्छेविरुद्ध हा प्रसंग ओढवतो. ही कादंबरी 'करमणूक'मधून प्रसिद्ध होऊ लागली ती १८९० साली. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा निर्धार झाला. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण कादंबरीची तारीख सांगतो. तिच्या शेजारी या सभेची तारीख क्वचितच सांगतो. वास्तविक दोन्ही एकत्र वाचायला हव्यात. कादंबरीत सोसणारीचे दुःख आहे. सभेत ज्यांच्या हातून ते दुःख घडत होते, त्यांनी आपला हात मागे घेतला आहे. सेनांच्या कथेत ज्याला नाही म्हणता येत नव्हते, त्या न्हाव्याने इथे नाही म्हटले. पुढे पार्वतीबाई आठवले यांनी केशवपनाची वर्षे भोगल्यावर पुन्हा केस राखले आणि 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात आपली भूमिका स्पष्टपणे मांडली. तोही निर्णय वस्तऱ्याविषयीचाच होता.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या डोक्याला न्हाव्याने हातच लावायचा नाही, असा गावाचा नियम होता, त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपल्या साताऱ्यातील बालपणाविषयी लिहिले आहे. गावात न्हावी होते, त्यांचे पैसे देण्याची ऐपतही होती. परंतु अस्पृश्यांची हजामत करायला कुणी तयार नसल्यामुळे भावंडांचे केस मोठी बहीण घरीच कापत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. आज ज्याला आपण सोय म्हणतो, ते घरच्या घरी केस काढणे त्या घरात बहिष्काराची खूण होती. स्वतःच्या हाती हत्यार असणे म्हणजे आपोआप स्वातंत्र्य नव्हे. सलूनच्या खुर्चीत बसण्याचा हक्क असूनही जो घरी डोके करतो त्याची गोष्ट वेगळी, आणि खुर्चीत बसूच दिले नाही म्हणून जो घरी करतो त्याची वेगळी.

हत्यार घरी आणण्याचे काम मात्र एका यंत्रयुगीन वस्तूने केले. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी गृहस्थाने पातळ, दुधारी, झिजल्यावर फेकून द्यायचे पाते बाजारात आणले. १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय पुरुषांच्या एका पिढीला लागली. धार लावण्याचे कौशल्य गळून पडले. त्यासोबत ते कौशल्य ज्याच्यापाशी होते त्याची गरजही कमी झाली. १९७१ साली जिलेटचा दोन पात्यांचा कार्ट्रिज रेझर आला. १९७५ साली बिक या कंपनीने दांड्यासकट फेकायचा रेझर विकायला काढला. आपल्या प्रश्नातल्या दोन्ही वस्तूंचा जन्म असा अवघ्या चार-पाच वर्षांच्या अंतराने झालेला आहे.

सलूनमधला वस्तराही बदलला. एड्स आणि कावीळ यांच्या धास्तीने १९९० नंतर जुना पोलादी वस्तरा मागे पडला आणि अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. 'प्रत्येक ग्राहकास नवीन ब्लेड' अशा पाट्या दुकानांत झळकल्या. अनेक डोक्यांवर फिरणारे एकच पाते जाऊन प्रत्येक डोक्याला वेगळे पाते मिळाले. बहिष्काराचा विचार मनात ठेवून पाहिले, तर रोगाच्या भीतीने का होईना, पण 'हे पाते आधी कोणाला लागले?' हा जुना विटाळाचा प्रश्न निरर्थक झाला. खुर्चीचा प्रश्न मात्र एवढ्याने सर्वत्र सुटला, असे कुणी समजू नये.

यानंतर पाण्याचा मुद्दा येतो, आणि तो लातूरशिवाय पुरा होत नाही. २००२ साली जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्या बेसिनला वाहता नळ होता. भारतात लोक पेलाभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात, हे नंतर ध्यानात आले. पात्यांत अडकलेले केस त्या पेल्यात निघेनात. मग भारतीय घरांत प्रत्यक्ष बसून पाहणी झाली आणि २०१० साली एका पात्याचा, सहज धुतला जाणारा जिलेट गार्ड निघाला. रेझर १५ रुपये, पाते ५ रुपये. या हिशेबाचे मोल लातूरकराला सांगावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' आगगाडीने पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली खेप केली, ती याच शहरासाठी. तिथे 'वाहत्या नळाखाली रेझर धरा' हा सल्ला म्हणजे परक्या मुलुखातली गोष्ट.

एवढे ध्यानात घेतले की निवड अवघड राहत नाही. डोके गालासारखे सपाट नसते. कवटीचे उंचवटे, कानामागची खोबण आणि मानेचा घळ यांवर ताठ मानेचा स्वस्त रेझर अडखळतो. मान वळणारा कार्ट्रिज तिथे बरा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डोके करणाऱ्याला तो शेवटी स्वस्तही पडतो. मात्र तीन-चार किंवा पाच पाती दाटीने बसवलेली असतील, तर त्यांच्या फटी लवकर भरतात आणि पाणी फार लागते. म्हणून केस आधी मशीनने बारीक करून घ्यावेत आणि मग थोड्या पात्यांचा, मोकळ्या फटींचा कार्ट्रिज घ्यावा, पेल्यात खळखळून धुवावा. कुरळे, राठ केस असतील त्याने तर पाती कमीच ठेवावीत. अती खोल कापलेला केस कातडीखालीच वाढतो आणि पुळी धरतो. वर्षातून एखाद्या वेळी, सुतकात किंवा प्रवासात, डोके करायचे असेल तर यूज अँड थ्रो पुरतो. आणि हात मागे पोचत नसेल, तर वारकाची खुर्ची अजून आहे. त्या हाताला जी सफाई आहे ती कोणत्याही डबीत मिळत नाही.

राहिला प्रश्न फेकण्याचा. जुना वस्तरा फेकला जात नसे. दुधारी पाते निखळ पोलादाचे होते. यूज अँड थ्रो मात्र प्लास्टिक आणि पोलाद यांचा न सुटणारा गोळा आहे आणि कार्ट्रिजची डबीही तशीच. तो घरातून निघून घंटागाडीत जातो, तिथून कचऱ्याच्या ढिगावर, आणि तिथे कुणीतरी उघड्या हाताने तो वेचते. ते हात कोणत्या वस्तीतले असतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना दलित आत्मकथने वाचून ठाऊक असते. वस्तरा कोणाच्या हाती, हा प्रश्न आपण आपले डोके धुऊन पुसल्यावरही संपलेला नसतो. निदान वापरलेले पाते जाड कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात साठवून, त्यावर ठळक लिहून द्यावे. डोके कधी आणि कशाने करायचे हे ज्याला आज स्वतः ठरवता येते, त्याला एवढे जड जाऊ नये.