हळदीचा हिशेब पीलला चालत नाही



पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. त्रिशलामातेला स्वप्ने पडली, त्यानंतरच्या सकाळी सिद्धार्थ राजा व्यायाम करतो, शतपाक-सहस्रपाक तेलाने मर्दन करवून घेतो, स्नान करतो आणि मग दरबारात स्वप्नपाठकांना बोलावतो. म्हणजे सकाळी तेल, लगेच सभा! 1130च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या स्नानावर वेगळा भागच लिहिला. आपली लग्नाची हळदही आदल्या दिवशीची, दिवाळीचे उटणे त्याच पहाटेचे. कारण सोपे आहे, हे सारे त्वचेच्या वरवरचे काम.

केमिकल पीलची गोष्ट वेगळी. 1882 मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी सॅलिसिलिक ॲसिडसारख्या द्रव्यांचे त्वचेवरचे परिणाम मांडले, तिथून ही वाट निघाली. पील वरचा थरच सोलते. लाली आणि खपल्या जायला आठवडा सहज लागतो. खालची कोवळी त्वचा उन्हात काळवंडते.

आपल्या माणगावात मात्र पुष्कळ जणी हळदीच्याच हिशेबाने, लग्न चार दिवसांवर आले की पार्लर गाठतात. त्यात वैशाखाचे ऊन, कोकणातला घाम, नाहीतर लगेच पालिताण्याची यात्रा, तीन हजारांहून अधिक पायऱ्या!

पील करायचेच तर त्वचेच्या डॉक्टरांकडे, महिनाभर आधी. नवे क्रीम दोन दिवस कानामागे लावून पाहा. शेवटच्या आठवड्यात नवे काहीच नको. अंगाला सवयीचे उटणे मात्र त्याच पहाटे, खुशाल लावा.